मामीने तळव्यांनी निवडलेली जमीन

घणूमामाने स्वतःच्या घरातली फरशी स्वतःच्या घणाने फोडली, त्याला कारण झाला त्याच्या पायाचा अंगठा. हॉलमधल्या एका फरशीचा कोपरा वर आला होता. त्यावर अंगठा आपटला, नख उलटलं आणि मामी हसली. म्हणजे हसली असं मामाचं म्हणणं. मामीचं म्हणणं, नाकातून जरा हवा बाहेर पडली. पण त्या घरात हवेलाही विचारून बाहेर पडावं लागे.

मामाचा धंदा पाडकामाचा. लोक घरं बांधतात, हा पाडतो. हाताखाली माणसं असली तरी पहिला घाव त्याचा, म्हणून सगळ्या गावाने त्याला घणू केला. आईबापांनी ठेवलेलं नाव काय होतं ते आता माझ्या आईलाही आठवून सांगावं लागतं, आणि ती त्याची सख्खी बहीण. इतरांच्या दारामागे छत्री असते, याच्या दारामागे घण उभा असायचा.

मी आईने दिलेला डबा द्यायला गेलो तेव्हा दार उघडं होतं आणि घरातून पिठासारखी धूळ बाहेर येत होती. आत हॉल नावाचा प्रकार शिल्लक नव्हता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फरशांचे तुकडे, मधूनमधून खालची ओली माती. कोपऱ्यात एक फरशी तेवढी अखंड राहिलेली आणि तिच्यावर मामी उभी, पाय जुळवून, पुरात झाडाच्या फांदीवर अडकल्यासारखी. मामाने बाकी सगळं फोडलं आणि तिच्या पायाखालची तेवढी फरशी ठेवली. तिच्या दोन्ही बाजूंनी घण आपटल्याच्या खुणा होत्या. चपलेच्या अंतरावर.

मामा सोफ्यावर बसून अंगठ्यावर फुंकर घालत होता. मला बघून म्हणाला, "या भाचेबुवा. जपून हं, टोकदार तुकडे आहेत, लागेल."

माणूस प्रेमळ. हे आमच्या घराण्यात सगळे म्हणतात.

"मामी, ये इकडे," मी म्हटलं.

मामीने मान हलवली नाही. मी तिच्या डाव्या बाजूला होतो. मग लक्षात आलं आणि मी वळसा घालून उजवीकडे गेलो.

मामीचा डावा कान गेलेला आहे. लग्नानंतर थोड्याच वर्षांत मामाने चहा गार झाला म्हणून एक ठेवून दिली, ती नेमकी कानावर बसली. आधी शिट्टी वाजत राहिली, मग शिट्टीही गेली. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मामी म्हणाली, "पडले. जिन्यावरून." पुढे मनगट मुरगळलं तेव्हाही पडले, बरगडीला चीर गेली तेव्हाही पडले. घर तळमजल्यावर. जिना शेजाऱ्यांचा. डॉक्टर दर वेळी तो जिना लिहून घ्यायचे.

मामाला पश्चात्तापही व्हायचा, आणि तो नेहमी वस्तूच्या रूपात घरी यायचा. बरगडी गेली तेव्हा गादी आली. मनगटाच्या वेळी मिक्सर. कान गेला तेव्हा कानातली आली, सोन्याची. ती मामी दोन्ही कानांत घालते. उजव्या कानातलं हललं की वाजतं, डाव्यातलंही वाजत असणार. माझी आई या सगळ्यावर एकच वाक्य बोलायची, "स्वभाव असतो एकेकाचा, जीव आहे त्याचा तिच्यावर." आणि मामी घर सोडून का जात नाही, असं कुणी विचारलंच तर मामी म्हणायची, "घर माझ्या बाबांनी माझ्या नावावर केलंय. मी कशाला जाऊ? मी पाहुणी आहे का?"

तर या खेपेला पश्चात्ताप म्हणून जमीन यायची होती.

"बोल, काय घालू?" मामा सोफ्यावरूनच म्हणाला. "फरशी नको आता, डोक्यात जाते. लाकडी करू. चांगल्या घरांत असते तशी. तुझ्या पसंतीची. चल, आत्ता जाऊ."

दुकान मोठं होतं. भिंतीला फळ्या उभ्या करून ठेवलेल्या आणि खाली नमुन्यासाठी तुकड्यातुकड्याने जमीन केलेली. इथे खरं लाकूड, तिथे लॅमिनेट. विक्रेता तरतरीत पोरगा, पॉलिश केलेला. प्रत्येक वाक्यात एकदा नमुना हा शब्द. बाहेर पडेपर्यंत मी मनातल्या मनात त्याचंच नाव नमुना ठेवलं होतं.

"साहेब, हा नमुना बघा, लॅमिनेट. दिसायला हुबेहूब लाकूड, पण वर छापील थर, त्याच्यावर कडक पापुद्रा. खाली फोम अंथरायचा, फळीत फळी अडकवायची, टक्, झालं. खिळा नाही, ठोकाठोक नाही. आणि आवाज? चिडीचूप! घोडा नाचवा, शेजारच्या खोलीत कळणार नाही."

"हेच," मामा म्हणाला. "लाकूड मी जन्मभर उखडत आलोय. वरून चकचकीत, खाली वाळवी. हेच टाका."

"आणि खरं लाकूड?" मामीने विचारलं.

"ते मावशी, जिवंत काम. दमट हवेत फुगणार, कोरड्यात आक्रसणार. चाललं की जरा करकरतं, दबतं. ओरखडे पडतात. फक्त एक आहे, घासून पॉलिश केलं की परत नवं. लॅमिनेटला घासता येत नाही. त्याला एकदा लागलं की लागलं."

मामीने चपला काढल्या. लॅमिनेटच्या नमुन्यावर जाऊन उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून, आणि डोळे मिटले.

"चाला माझ्या मागून," ती म्हणाली.

"कोण, मी?" नमुना म्हणाला.

"हो, तुम्ही. या जवळ. सावकाश."

तो चालला. मामी तशीच उभी. तो अगदी तिच्या खांद्यापाशी येऊन थांबला तरी तशीच. मग त्याने घसा खाकरला तेव्हा ती इतकी दचकली की तिचा हात आपोआप डोक्यावर गेला, कोपर पुढे काढून. नमुन्याला वाटलं केस सावरते आहे.

मग ती खऱ्या लाकडावर गेली. खाली पट्ट्यांचा सांगाडा, वर सागवानी फळ्या. पुन्हा पाठ, पुन्हा डोळे मिटलेले. नमुना चालायला लागला आणि दुसऱ्याच पावलाला मामीने हात वर केला.

"आलात," ती म्हणाली. "उजवीकडून येताय."

"वा मावशी! तुमचा कान भलताच तिखट!"

"कान नाही हो," मामी म्हणाली, आणि हसली. "पाय."

मला त्या क्षणी कळलं. सरळ होतं. डावा कान बंद, ओट्याशी उभी असते पाठ करून, मागून काय येतंय ते कळत नाही. फरशी बोलत नाही, लॅमिनेट बोलणार नाही. लाकूड पायातून सांगेल. माणूस रंग बघतो, पोत बघतो, घरच्यांचं मत घेतो. मामी अशी जमीन निवडत होती की जी तिला एवढंच सांगेल: आला.

"लाकूड," ती म्हणाली.

"लॅमिनेट म्हणालो ना मी?" मामा म्हणाला. आवाज लहान केला. त्याचा आवाज लहान झाला की आमच्या घरात सगळे भांडी आवरायला घेतात. त्याने मामीचा दंड धरला, वरून अगदी मायेने धरल्यासारखा. पण बोटं मांसात रुतलेली मला दिसत होती.

"तुम्हीच म्हणालात, माझ्या पसंतीचं."

"पसंती म्हणजे रंगाची पसंती गं. अक्कल माझी."

इथे नमुन्याने आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. भांडण मिटवावं म्हणून त्याने लॅमिनेटची एक फळी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, मजबुतीची शंका असेल तर ही हातोडी घ्या. मारून बघा लॅमिनेटवर. आमचं चॅलेंज असतं, ओरखडा नाही!"

गिऱ्हाइकं किल्लीने दोन रेघा ओढत असतील, हातोडीने टकटक करत असतील. या पोराने हातोडी घणूमामाच्या हातात दिली.

पहिल्या घावात लॅमिनेटचा कोपरा उडाला. दुसऱ्यात फळीला भोक पडलं आणि आतून भुसा बाहेर आला, ओल्या पुठ्ठ्यासारखा. तिसऱ्यात खालचं टेबल गेलं. "भुसा!" मामा ओरडला. "भुसा विकतोस मला?" चौथा घाव भिंतीवरच्या नमुन्यांच्या चौकटीवर. तुकडे पत्त्यांसारखे उडाले, एक नमुन्याच्या कपाळाला लागला आणि तिथे लाल रेघ उमटली. दुकानातली एक बाई लेकराला घेऊन बाहेर पळाली. मी मामाच्या पाठीला लटकलो होतो आणि त्याला ते कळलंही नसावं.

मग तो वळला आणि सागवानावर हाणली. सगळ्या ताकदीने, दोन्ही हातांनी. हातोडी उसळून परत आली. फळीवर नाण्याएवढा खळगा पडला, बाकी काही नाही. परत हाणली. अजून एक खळगा. मामा थांबला, धापा टाकत, आणि त्या खळग्यांवरून अंगठा फिरवला.

"हे टाका," तो म्हणाला. "हे माझ्या हाताला टिकलं."

अशी दोघांची पसंती एक झाली. नवराबायकोचं एकमत व्हायला याहून कमी मोडतोड पुरली असती, पण घराण्याची रीत.

हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात जमीन बसवायला मिस्त्री आला, हाडकुळा, तोंडात कायम दोन खिळे धरलेला. खिळे धरूनच बोलायचा. मामी त्याच्याशेजारी चहा ठेवून बसली.

"मिस्त्री, फळी बोलते कुठे?"

"पट्टीवर नाही बोलत. दोन पट्ट्यांच्या मधे बोलते. पट्ट्या जवळ घेतल्या की मुकी होते. काळजी करू नका बाई, एक करकर येणार नाही."

"येऊ दे. मला यायला हवी आहे."

मिस्त्रीने खिळे तोंडातून काढले. "लोक म्हणतात आवाज आला तर पैसे कापू. तुम्ही उलटंच सांगता."

"ओट्यापाशी तरी हवी. कुठेही पाय टाकला तरी मला उभ्या जागी कळलं पाहिजे."

तिने मान वळवली होती, बोलणं ऐकायला उजवा कान त्याच्याकडे करून. मिस्त्री त्या कानाकडे बघत राहिला, मग डाव्याकडे. मग म्हणाला, "हॉलमधे पट्ट्या उभ्या टाकल्यात, दारापासून स्वयंपाकघराकडे. आत मी आडव्या घेतो. आणि लांब लांब. मांजर आलं तरी कळेल."

संध्याकाळी मामा हॉल बघून गेला. सांगाडा अजून उघडा होता. मिस्त्रीची पेटी पायाने उडवून त्याने पट्ट्या पाहिल्या, टाचेने दाबून बघितल्या आणि निघून गेला. स्वयंपाकघराचं काम दुसऱ्या दिवशी झालं, तेव्हा तो साइटवर होता.

पहिले काही आठवडे जमिनीने कामगिरी चोख बजावली. मामा ओट्याकडे निघाला की तो पोचायच्या आत मामी तोंड वळवून उभी. हातात झारा, नाहीतर गरम पातेलं. मारायला आलेल्या माणसाला समोरून तोंड दिसलं की जरा अडचण होते. पाठीचं तसं नसतं. मामा बिचकायचा, पाणी मागायचा आणि परत जायचा.

"मांजरीचे कान लावून घेतलेस काय गं?" तो म्हणायचा.

पण शेवटी पाडकामातला माणूस. शेकडो जमिनी उखडलेल्या. एकदा हॉलमध्ये उभा राहून त्याने टाचेने ठोकून बघितलं. इथे पोकळ, इथे भरीव. भरीव म्हणजे खाली पट्टी. आणि पट्टी आठवत होतीच, दारापासून सरळ. तो पट्टीवरून चालला, पावलापुढे पाऊल, दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखा. आणि जमीन गप्प बसली.

मामी त्या दिवशी हॉलमध्येच टेबल पुसत होती. तिला कळलं ते कपाळ टेबलावर आपटलं तेव्हा. केस मुठीत, दोनदा आपटलं. ओठ फाटला, समोरचा दात हलला. "आता ऐक," मामा तिच्या उजव्या कानात म्हणाला. "ऐकू येतंय ना?"

दात डॉक्टरांनी काढला. कसं झालं? "पडले." डॉक्टरांनी जिना लिहिला. आणि घरी शिवणाचं मशीन आलं.

त्यानंतर मामी हॉलमध्ये पाठ करून उभी राहीनाशी झाली. भिंतीला टेकून बसायची. खुर्चीवर बसली तरी खुर्ची आधी भिंतीला लावायची. मी एकदा म्हटलं, "मामी, चल आमच्याकडे." ती म्हणाली, "तुमच्याकडे काय आहे खाली? फरशीच ना?" आणि दात गेलेल्या जागी जीभ लावून हसली. पुढे म्हणाली, "स्वयंपाकघर आहे अजून."

जे झालं ते भर दुपारी झालं. मामाच्या साइटवर यंत्र आलं होतं, लांब लोखंडी मान असलेलं. तीन माणसांना दिवसभर लागेल अशी भिंत त्याने मामाच्या डोळ्यांदेखत एका धक्क्यात आडवी केली आणि यंत्र चालवणारा पोरगा वरून ओरडला, "काका, घण म्युझियममधे ठेवा!" सगळी साइट हसली. मामाने त्या पोराला ओढून खाली घेतलं आणि तोंडावर मारत राहिला. चौघांनी सोडवलं. मालकाने सांगितलं, घरी जा, परत येऊ नकोस.

तो घरी आला तेव्हा शर्टावर दुसऱ्याचं रक्त होतं, आणि पुरेसं मारून झालेलं नव्हतं. चपला त्याने दाराबाहेर काढल्या. हॉलमधून पट्टीवरून आला, एक करकर नाही. मामी ओट्याशी, पाठ करून, पातेलं उतरवत होती. गरम भांडं ठेवायला तिने उरलेल्या सागवानी फळीचा तुकडा ओट्यावर ठेवला होता, हातभर लांब, दोन बोटं जाड.

उंबरठा ओलांडून मामा त्याच सरळ रेषेत पुढे आला. त्याच्या डोक्यात पट्टी अजून सरळ जात होती.

मामी म्हणते, "पायाखाली फळी अशी खाली गेली आणि वर आली. नाडी उडते तशी."

पुढचं तिने मला हातवारे करून सांगितलं. तिने पातेलं सोडलं, फळी दोन्ही हातांत धरली आणि आधी फिरवली, मग वळली. मामाचा हात वर होता. फळी कोपराखाली बसली आणि हाड वाळक्या फांदीसारखं मोडलं. मामा म्हणाला, "अगं!" त्याने दुसरा हात तिच्या गळ्याला घातला, तिला ओट्यावर रेटलं, सांडलेल्या उकळत्या पाण्यात तिची पाठ भाजली. तिने फळी आडवी धरून त्याच्या नाकावर मारली. गळा सुटला. मग गुडघ्यावर. तो खाली पडला तेव्हा सगळं स्वयंपाकघर बोललं. मग खांद्यावर. मग परत त्याच खांद्यावर, कारण, ती म्हणते, नेम चांगला बसत होता.

मग ती थांबली आणि मला फोन केला. "मामा पडलेत," म्हणाली. "गाडी घेऊन ये."

दवाखान्यात दोघांना शेजारशेजारी बसवलं. मामीची पाठ ओली, मामाचं नाक वेगळ्याच दिशेला. डॉक्टरांनी पेन उघडलं. "कसं झालं?"

मामीने डॉक्टरांच्या पेनाकडे बघितलं. मामाने तिच्याकडे बघितलं. बाहेर बाकांवर त्याची साइटवरची दोन माणसं बसली होती, यंत्रावरच्या त्या पोराला घेऊन आलेली, आणि दार उघडं होतं. बायकोने मारलं हे वाक्य मामाच्या घशापर्यंत आलेलं मी पाहिलं. तिथून ते परत गेलं.

"पडलो," मामा म्हणाला. "जिन्यावरून."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "तो जिना एकदा पाडून टाका," ते म्हणाले. "तुमचाच धंदा आहे ना?"

मामा दवाखान्यातून सुटेपर्यंत मामीने कुलूप बदललं होतं. घण आणि कपडे आमच्या दारात पोचते केले. मामा आमच्याकडे राहायला आला. आईचा सख्खा भाऊ, जीव असलेला. एका सकाळी चहा गार म्हणून त्याने प्लास्टरच्या हाताने कप भिंतीवर मारला. आईने तुकडे गोळा केले, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "दादा, माझ्या घरात नाही हं. बॅग भर." स्वभावाचा विषय निघाला नाही. तो आता दुसऱ्या गावी साइटवरच्या खोलीत असतो. साइट पाडकामाचीच. खोलीही पुढेमागे पाडायची आहे म्हणे.

मिस्त्री मधे येऊन गेला. स्वयंपाकघरात फळ्यांवर डाग राहिले होते, आणि मामा पडला तिथे फळी आपटल्याचा नाण्याएवढा खळगा. "घासून देऊ? नवं होईल," तो म्हणाला. मामी म्हणाली, "डाग घासा. खळगा राहू दे, पातेल्याचं बूड बसतं त्यात." मिस्त्रीला विनोद कळला नाही. मलाही बराच वेळ; नाण्याएवढ्या खळग्यात कुठलं पातेलं बसणार?

परवा मी डबा द्यायला गेलो. दार लोटलेलं होतं. मामी ओट्याशी, पाठ करून, काहीतरी चिरत होती आणि स्वतःशीच गुणगुणत होती. मी सवयीने दणदण पाय वाजवत निघालो, म्हणजे तिला कळावं. हॉल करकरला. उंबरठा ओलांडला, फळी खाली गेली, वर आली. भांड्यांतले चमचे किणकिणले. मामीने हात वर केला नाही. मी अजून एक पाऊल जोरात टाकलं. काही नाही. डाव्या बाजूने मी अगदी तिच्या खांद्याशी जाऊन उभा राहिलो आणि डबा ओट्यावर ठेवला.

ती वळली. हात डोक्याकडे गेला नाही, चिरण्यातच राहिला.

"अगंबाई," मामी म्हणाली, "कधी आलास रे?"